माझ्या पुस्तकावर गेलेला माणूस

आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या दोस्ताची बायको, कपडे शिवायच्या. जिभेलाही धार. "भाऊजी, पोट आत घ्या, नाहीतर खिसा पाठीवर लावीन," असं चारचौघांत म्हणायच्या. दोस्त गेल्यावर मात्र गिऱ्हाइकंच त्यांना बोलायला लागली.

कसा गेला ते ऐका. आम्ही दोघंही खलाशी. कानाने कमी ऐकू येतं म्हणून डॉक्टरने त्याला नापास केलं, आठ महिने घरी बसून होता. माझी फेरी लागली आणि मला आला कंटाळा. आजारबिजार काही नाही, नुसता आळस! मी माझं खलाशाचं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. त्याशिवाय जहाजावर पाय ठेवू देत नाहीत, पण आतला फोटो इतका जुना की कोणीही खपून जावं. आमच्यात हे चालायचं. तो हरखलाच. "घरी बोलू नकोस. जहाजावर काम मिळालं, एवढंच सांगतो," म्हणाला.

जहाज बुडालं. एकही माणूस सापडला नाही. यादीत नाव माझं! मी ऑफिसात जाऊन थाप मारली, पुस्तक चोरीला गेलं म्हणून. त्यांनी माझं नाव खोडून 'अनोळखी इसम' लिहिलं आणि मला नवं पुस्तक दिलं. खरं बोललो असतो तर नोकरी कायमची गेली असती. म्हणून गप्प बसलो.

वहिनी पेन्शनच्या खिडकीवर खेटे घालायच्या. सोबतीला कोण? मीच, निर्लज्जासारखा. कारकून म्हणायचा, "बाई, तुमचा माणूस कुठल्याच जहाजावर नव्हता. दुसरीकडे संसार थाटला असेल." बाकावरची माणसं हसायची. वहिनींनी घरी येऊन त्याचा फोटो उतरवला. "दगाबाज मेला!" म्हणाल्या. 

अशी दोन वर्षं गेली. एकदा त्यांची लेक शाळेचा फॉर्म भरत होती. बापाच्या नावाची जागा तिने कोरी सोडली. म्हणाली, "त्यांचं नाव मला लावायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सगळं ओकलो. पुस्तक जप्त झालं, चौकशी झाली, आणि वहिनींची पेन्शन मंजूर झाली.

मंजुरीचा कागद घेऊन मीच गेलो. वाटलं, तो बघून माझ्यावरचा राग जरा निवळेल. सगळं सांगून टाकलं. वहिनींनी कागदाला हातही लावला नाही. मशीनचं चाक धरून बसल्या.

"म्हणजे हे जहाजावरच होते?"

"हो."

"आम्हाला टाकून नाही गेले?"

"नाही हो, वहिनी."

तेव्हा कुठे त्या नवऱ्यासाठी रडल्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

"पेन्शन उशिरा मिळाली, एक वेळ चालेल, भाऊजी," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पण दोन वर्षं मी त्यांना रोज शिव्या घातल्या. लेकीलाही शिकवल्या. त्या आता कशा परत घेऊ?"