भाभीची दुपारची वाक्यं

शाळेत इंग्रजीत माझा पहिला नंबर असायचा, पण इंग्रजी मी कुणाशी बोलले नव्हते. घरात मराठी होतं, जिन्यात गुजराती आणि इंग्रजी फक्त वहीत. बी.ए. झालं आणि वहीही बंद झाली. वडील बँकेत, आई मराठी शाळेत दुपारच्या पाळीला. अकराच्या सुमाराला दोघंही निघून जात आणि अडाजणच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मी संध्याकाळपर्यंत एकटी असे. सुरतेत दुपारी तशीही सगळी झोपतात. खालच्या दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली असत. नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं. त्या वर्षी कितीतरी दिवस असे गेले की आई परत येईपर्यंत मी एक शब्दही उच्चारलेला नसे. तिने काही विचारलं की आधी घसा खाकरावा लागायचा.

समोरच्या दारातली भाभी बारडोलीकडची. अमेरिकेतला मुलगा आदल्या वर्षी डिसेंबरात आला, तीन आठवड्यांत लग्न करून परत गेला आणि ही कागदपत्रांची वाट बघत सासूसासऱ्यांजवळ राहिली. आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक जिन्यात अशी एक सून असायची. ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, गुजराती माध्यमात शिकलेली. मुंबईला व्हिसाची मुलाखत इंग्रजीत होणार, अशी घरात सगळ्यांची खात्री होती. पलसाण्याची कुणी सून उत्तरं न आल्यामुळे परत पाठवली गेली होती आणि दीड वर्ष झालं तरी माहेरीच बसली होती. ती गोष्ट मासी, म्हणजे भाभीची सासू, भेटेल त्याला सांगायची.

दिवाळीनंतर एका दुपारी मासीने भाभीला हाताला धरून माझ्या दारात उभं केलं.

"दीकरी, तू तो इंग्लिशमां पहेला नंबरवाळी. आ वहुने जरा तैयार करी दे."

मी नाही म्हणू शकले नाही. खरं तर मला म्हणायचंही नव्हतं.

भाभीला साधी वाक्यं येत होती. पण तिचा नवरा एका नातेवाइकाच्या मोटेलमध्ये काम करायचा, तिलाही तिथे काउंटरवर उभं राहायचं होतं आणि रविवारच्या फोनवर त्याने बजावलं होतं की इथे पुस्तकातलं इंग्रजी कुणी बोलत नाही. मग मी शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकातली शेवटची यादी काढली, तीन-तीन शब्दांच्या वाक्प्रचारांची. गेट अलाँग विथ. रन आउट ऑफ. पुट अप विथ. रोज पाच घ्यायचे आणि प्रत्येकाचं आपल्या मनाने एक वाक्य करायचं.

पहिल्याच दिवशी ती अडली. "बेन, पुट म्हणजे ठेव. अप म्हणजे वर. विथ म्हणजे सोबत. यात सहन करणं कुठून आलं?"

"माहीत नाही. तिन्ही एकत्र आले की तसा अर्थ होतो."

"म्हणजे नुसतं पुट अप म्हटलं तर?"

"मग वेगळं होतं. विथ हवंच. आणि विथच्या पुढे कुणीतरी हवं."

"सासू," ती म्हणाली आणि दाराकडे बघून तोंडावर पदर धरून हसली.

तिची वाक्यं मला अजून आठवतात. आमच्या घरी दर शनिवारी बेसन संपतं, रन आउट ऑफ. गॅसवाल्याशी माझं चांगलं जमतं, गेट अलाँग विथ. सासरे इतक्या भरभर चालतात की मंदिरापर्यंत मला त्यांना गाठता येत नाही, कीप अप विथ. चुका करत, मोठ्या आवाजात, हात हलवत ती बोलायची. मधला छोटा शब्द चुकला तर "अरे, जाऊ दे, समजलं ना?" म्हणायची. मला ते कधीच जमलं नव्हतं. माझी वाक्यं बरोबर असत आणि त्यांत एखादा मॅनेजर किंवा एखादी आजारी विद्यार्थिनी असे.

"तुझ्या वाक्यात तू कधीच नसतेस, बेन," ती एकदा म्हणाली. मी पान उलटलं.

दोन महिन्यांत असं झालं की जेवण उरकलं की माझं लक्ष समोरच्या कडीकडे असायचं. ती वाजली की मी लगेच उठत नसे. चार-पाच आकडे मोजून मग दार उघडायचे.

मुलाखतीचं पत्र जानेवारीत आलं. तारीख महिन्याभरावर होती. काका, म्हणजे तिचे सासरे, संध्याकाळी जिन्यात भेटले. सावकाश म्हणाले, "बेटा, खरं सांग. तिची तयारी झाली आहे का? नसेल तर पुढची तारीख मागतो. एकदा नाही म्हटलं की मग फार कठीण."

तिची तयारी झाली होती. मला ते ठाऊक होतं.

"अजून थोडी कच्ची आहे," मी म्हणाले.

ते मान हलवत वर गेले.

काकांनी माझं म्हणणं घरात सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी ती आली ती डोळे सुजलेले घेऊन. वही उघडली. मी वाक्य सांग म्हटलं तर तिने आधी मनात जुळवलं, मग अगदी हळू आवाजात, प्रत्येक शब्दाला माझ्याकडे बघत म्हटलं. बरोबर होतं. तरी तिने विचारलं, "ऑफ बरोबर आहे ना? की फ्रॉम?" हात मांडीवर होते. रविवारी फोन आला तेव्हा, मासीच सांगत होती, नवऱ्याने इंग्रजीत विचारलं तर तिने उत्तरच दिलं नाही, रिसीव्हर सासूच्या हातात दिला. "पहेलां तो केटलुं बोलती हती," मासी म्हणाली, आधी किती बोलायची म्हणून.

ती माझ्यासारखी बोलायला लागली होती.

मंगळवारी मी स्वतःहून समोरची कडी वाजवली. त्या घरात मी त्याआधी एकटी कधी गेले नव्हते. काका पेपर वाचत होते. पुढची तारीख मागणारं पत्र टाकलंत का, मी विचारलं. त्यांनी कॅलेंडरच्या मागे खोचलेलं पाकीट दाखवलं. टपालात गेलं नव्हतं.

"टाकू नका. तिला सगळं येतं. मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. पाकीट फाडलं. मासीने पोंक, म्हणजे हुरडा, आणि शेवेची वाटी माझ्या हातात दिली. ती धरून मी उभी राहिले.

भाभी माझ्यामागून आमच्या घरात आली. "मग आधी कच्ची का म्हणालीस?"

मराठीत ते सांगता आलं नसतं, आणि गुजरातीत मुळीच नाही. इंग्रजीत मी कुणाशी कधी काही बोलले नव्हते, म्हणून असेल, ते त्याच भाषेत बाहेर आलं. "आय वॉज नॉट लुकिंग फॉरवर्ड टू..."

मी थांबले.

"टू काय? अर्धं सोडायचं नाही, तूच सांगतेस."

"टू युअर गोइंग."

तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली, टेबलावर ठेवली. रागावली असावी. मग म्हणाली, "वाक्य चांगलं आहे," आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीच्या वेळेला आली.

मुलाखत पाच मिनिटांत झाली. दुभाषी बाई होत्या. लग्नाला किती माणसं होती, नवरा काय करतो, एवढंच त्यांनी विचारलं, तेही गुजरातीत. हे सांगताना ती जिन्यातच हसत सुटली. "बेन, एकसुद्धा विथ लागला नाही."

मार्चमध्ये तिला सोडायला दोन जीप भरून माणसं मुंबईला गेली. मलाही बोलावलं होतं. मी परीक्षेचं कारण सांगितलं. परीक्षा कुठलीच नव्हती, आणि ते तिला माहीत होतं. दही-साखर खाऊन निघताना तिने एकदा वर बघितलं. मी गॅलरीत होते.

मग पुन्हा त्याच दुपारी सुरू झाल्या. कडी वाजत नव्हती, तरी लक्ष तिकडेच जायचं.

पत्र पावसाळा संपताना आलं, इंग्रजीत, सात-आठ ओळींचं. दर शनिवारी आमचे टॉवेल संपतात. गेस्ट लोकांशी माझं जमतं. शेवटची ओळ होती, दुपारी इथे बोलायला कुणी नसतं. तिच्यातला मधला एक छोटा शब्द चुकला होता. सवयीने मी पेन उचललं होतं. ते तसंच खाली ठेवलं.

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. पहिले दोन कागद फाडले, कारण त्यांत मासी आणि काकाच होते, मी कुठेच नव्हते.