दिल्ली ते कन्याकुमारी, एकट्यानं

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. मागं हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातनं चहा आला आणि शर्ट माझा खराब झाला. फजिती माझी, शर्टही माझाच!

तर मला एकट्यानं फिरायला जायचं होतं. बास, एवढंच. आधी दिल्ली, मग तिथनं रेल्वेनं पार खाली कन्याकुमारी. राजधानी बघायची आणि नंतर जिथं जमीन संपते तिथं समुद्राकडं तोंड करून उभं राहायचं. 'जेवलास का', 'पोचलास का', 'पुढं काय ठरवलंस' असं विचारणारं एकही तोंड सोबत नको.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? कारेगावात राहून बघा. आमच्या गावात माणूस एकटा फक्त अंघोळीला जातो. तिथंही दारावर थाप पडते, 'झाली का न्हाई अजून?'

शिवाय मला ते करून दाखवायचंच होतं. दौंडला मावशीकडं राहून मी डिप्लोमा अर्धा केला आणि सोडला. का सोडला ते दहादा सांगितलं. ऐकतो कोण? त्यापेक्षा नाव ठेवणं सोपं. घरात, पारावर, सलूनमध्ये मी 'अर्ध्या' झालो. ज्यांनी जमिनी कंपन्यांना विकून गाड्या घेतल्या आणि आता त्याच गाडीत एसी लावून दुपारभर घोरतात, ती माणसं मला सांगणार, "कायतरी एक पुरं कर रं!" ठीक आहे. हेच पुरं करतो. एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होतो, तिथनं सुट्टी काढली आणि घरी सांगितलं.

"आबा, मी दिल्लीला चाललोय. तिथनं कन्याकुमारीला."

आबा म्हणजे माझे आजोबा. सत्तरी ओलांडली, कान एकदम शाबूत, फक्त पाहिजे तेवढंच ऐकतात.

"दिल्लीला यमुनामाई हाय न्हवं?"

"आहे. नुसता फेस आहे."

"आन् खाली समुद्र. देवीचं ठाणं." आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "म्हंजी यात्राच की रं ही!"

"यात्रा नाही आबा. फिरायला चाललोय. एकटा."

"व्हय व्हय. अगं ऐकलं का, पोरगं सुधारलं!"

आता बोला! संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की अर्ध्या यात्रेला निघाला. शेजारच्या सुमनकाकूंनी देवीसाठी ओटी आणून दिली. त्यांचं बघून आणखी चौघींनी दिली. कुणी समुद्राचं पाणी आणायला रिकाम्या बाटल्या दिल्या. माझ्या नव्याकोऱ्या सॅकमध्ये नारळच नारळ! मी प्रत्येकाला सांगत होतो, "अहो, मी फिरायला चाललोय." प्रत्येक जण मान डोलवत होता आणि नारळ देत होता.

आमच्याकडं यात्रेहून आलेल्या माणसानं गावाला जेवण घालायचं असतं. मावंदं म्हणतात त्याला. मी अजून सॅकची चेनसुद्धा लावली नव्हती, तोवर आबांनी माझ्या मावंद्याचा आचारी ठरवला!

आणि फ्लेक्स? तो कसा राहील? गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन नाना, निवडणूक जवळ आली की त्यांना कुणाच्याही कशाचाही आनंद होतो. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स: 'उत्तर-दक्षिण भारत यात्रेस हार्दिक शुभेच्छा.' नाना ट्रॅक्टरएवढे, हात जोडलेले. खाली कोपऱ्यात मी, पोस्टाच्या तिकिटाएवढा. फोटो कुठला, तर कॉलेजच्या आयकार्डावरचा. जे कॉलेज मी सोडलं, त्याच कॉलेजचा!

पण खोटं कशाला बोलू, मधेच मला बरंही वाटायला लागलं. पारावर 'अर्ध्या' बंद झालं. 'या यात्रेकरू' सुरू झालं. मी जरा छाती काढून चालायला लागलो, आणि तिथंच घात झाला.

निघायच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, "तिकीट एकदा तुझ्या मावशीच्या मालकाला दाव. त्ये दौंडचंच हायेत."

मी भडकलो. "आबा, तुमच्या पिढीला शिंकायलासुद्धा चार माणसांचा सल्ला लागतो. दोन वर्षं काढलीत मी दौंडात! ते स्टेशन मला डोळे मिटून माहीत आहे. कुठल्या प्लॅटफॉर्मवरचा वडा शिळा असतो ते पण सांगतो."

आबा म्हणाले, "बरं."

आबांचं 'बरं' फार वाईट असतं. नांगरावर पाय आपटणाऱ्या बैलालासुद्धा ते असंच 'बरं' म्हणायचे.

सकाळी एक पिकअप, नानांची गाडी आणि एक हलगीवाला, एवढी वरात न्हावऱ्यावरनं दौंडला निघाली. एकट्यानं जायला निघालेल्या माणसाला पोचवायला तीस माणसं! दौंडच्या प्लॅटफॉर्मवर माझ्या गळ्यात हार, कपाळावर कुंकू. रेल्वेच्या पोलिसानं हलगी बंद करायला लावली म्हणून नानांनी भाषण केलं. भाषणाला बंदी नव्हती, दुर्दैवानं. मग मी बोललो. "माणसानं स्वतःच्या पायावर, स्वतःच्या डोक्यानं प्रवास करावा," असं मी म्हणालो. टाळ्याही झाल्या.

गाडीचा मात्र पत्ता नाही. बोर्डावर नावसुद्धा नाही.

"लेट असेल," मी म्हणालो.

आबांनी माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि बाकड्यावर बसलेल्या एका जवानापुढं धरला. दौंडच्या राखीव पोलिसांच्या कॅम्पातनं सुट्टीवर निघाला होता बिचारा. त्यानं तिकीट वाचलं, माझ्या हाराकडं बघितलं, परत तिकीट वाचलं.

"आजोबा, ही गाडी इथं येतच नाही. ही कॉर्ड लाईनला येते. ते स्टेशन वेगळं, गावाबाहेर."

सोलापूरकडनं येऊन नगरकडं जाणाऱ्या काही गाड्या दौंड स्टेशनात न शिरता बाहेरच्या बाहेर जातात, त्यांच्यासाठी ते दुसरं स्टेशन. तिकिटावर स्पष्ट लिहिलं होतं. मी 'दौंड' एवढं वाचलं आणि पुढचं सोडून दिलं. तेही अर्धंच!

मग मागनं कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं, "अर्ध्या!"

त्यानंतर जे झालं ते बघायला हवं होतं. ज्यांना मी ऐतखाऊ म्हणतो ते सगळे काका, मामा, आप्पा धोतरं सावरत, पँटी सावरत पळत सुटले. नानांचा एक हात स्टिअरिंगवर आणि एक हॉर्नवर. रस्ता कुणालाच माहीत नाही. आबा खिडकीतनं अर्धे बाहेर, दिसेल त्याला ओरडून विचारतायत, "दिल्लीची गाडी कुठं थांबती?" आणि शेजारी मी, दौंडचा जाणकार, हार घालून गप!

पोचलो तर गाडी उभीच होती. आबांनी माझी सॅक हिसकावली आणि डब्यात चढले.

"तू खाली थांब. मी जागा बघतो!"

आमच्याकडं सोडायला आलेला माणूस पाहुण्याआधी गाडीत चढतो, जागा ताब्यात घेतो, झटकून देतो, मगच उतरतो. मी मागनं चढलो तर माझ्या बर्थवर एक गृहस्थ पसरलेले, आणि आबा त्यांच्या उशाशी उभे राहून त्यांचं खानदान विचारतायत.

गाडी हलली.

"आबा, उतरा!"

"ह्याला उठवल्याबिगर उतरत न्हाई!"

"गाडी सुटली आबा!"

"सुटू दे. तिकीट आपलं हाय!"

बाहेर सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. हलगीही सुरू झाली. त्यांना वाटलं, असंच ठरलं होतं.

गृहस्थ उठले. स्वतःच्या बर्थवर वर जाऊन झोपले. आबा विजयी मुद्रेनं बसले आणि मग त्यांनी खिडकीतनं बघितलं. दौंड मागं गेलं होतं.

मी संतापानं लालबुंद. "नगरला उतरायचं. एसटीनं घरी. कळलं?"

"बरं," आबा म्हणाले.

नगर आलं. मी सॅक बाजूला सरकवून त्यांना वाट करून दिली. आबा उठले नाहीत. फलाटाकडं बघत होते. "ह्ये नगर," ते म्हणाले. "ह्याच्या म्होरं मी कवा गेलोच न्हाई रं."

भांडण पाठ करून ठेवलं होतं मी, ते सोडून बाजूला सरकवलेली सॅक परत जागेवर ओढली. गाडी सुटली. टीसी आला, त्यानं आबांचं दिल्लीचं तिकीट बनवलं, आणि आमच्या बर्थवर माझे पाय आबांच्या तोंडाशी आणि आबांचे माझ्या, अशी माझी सोलो ट्रिप सुरू झाली.

दिल्लीत उतरल्या उतरल्या मी छोले-भटुरे हाणले आणि आडवा झालो. इतका की खोलीतनं संडास आणि संडासातनं खोली, एवढीच दिल्ली मी बघितली. आणि आबा? टोपी घालून रोज सकाळी मेट्रोनं एकटेच बाहेर! येताना माझ्यासाठी केळी आणि दहीभात, आणि वर बातम्या.

"संसद लई लांबनं दावत्यात. आपल्याला आत घेत न्हाईत. त्येंला तरी आपल्याकडं यायला कुठं येळ हाय? फिटाफिट झाली."

कन्याकुमारीला पोचलो तोवर मी उभा राहण्याइतका बरा झालो होतो. पहाटेचा समुद्र, वारा असा की आबांनी टोपी खिशात घातली. देवीला सगळ्यांच्या ओट्या दिल्या, बाटल्या भरल्या. मग आबा एका दगडावर समुद्राकडं पाठ करून बसले.

"जा म्होरं. एकट्यानं बघायचं हुतं न्हवं तुला? मी न्हाई बघत."

मी गेलो. पाण्यात उभा राहिलो. समोर कुणी नाही, काही नाही. ज्यासाठी एवढं केलं ते अगदी तसंच होतं. लय भारी वाटलं. थोडा वेळच. मग मागं वळून बघितलं तर दगडावर आबा नाहीत! माझी जी तारांबळ उडाली म्हणता! "आबाऽऽ" म्हणून ओरडत मी किनाराभर पळालो. आबा शिंपल्यांच्या दुकानात, तमिळ बाईशी शुद्ध कारेगावी मराठीत शंखाचा भाव करत होते. आणि तिनं कमी केला होता!

"जेवलात का?" मी विचारलं. खरंच, माझ्याच तोंडातनं निघालं ते.

घरी आलो. मावंदं झालं. चौकात नवा फ्लेक्स: नाना ट्रॅक्टरएवढे, आबा ट्रॉलीएवढे, आणि खाली तोच आयकार्डाचा फोटो, 'सोबत: नातू'. आबा हार घालून खुर्चीवर, दिल्लीची मेट्रो कशी बदलायची ते सगळ्यांना समजावतायत. मी बादली घेऊन पंगतीत आमटी वाढतोय.

पण एक झालं. 'अर्ध्या' म्हणणं बंद झालं. कुणी काही म्हणो, हे एक पुरं केलं मी. उलट नाना, सुमनकाकू आणि दोन आप्पा माझी बादली अडवून म्हणाले, "पोरा, म्होरल्या साली आमाला बी घिऊन चल की."

माझी छाती पुन्हा फुगली. "चला की! मी सगळं बघतो."

"तू सगळं बघ," नाना म्हणाले. "तिकीट तेवढं आबांना बघू दे."