पाच भोकं मोजून घेतलेली स्टेपनी

कॅरव्हॅन घेतली ती बाबांसाठी. बाबा तरुणपणी सातपुड्यात, मोलगीजवळच्या एका शाळेत अकरा वर्षं मास्तर होते. आता वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, तासातासाला बाथरूम लागतं आणि पाठ टेकायला सरळ पलंग हवा. त्यामुळे "एकदा तिथल्या काठी गावची होळी बघून येऊ" हे त्यांचं म्हणणं दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं जायचं. शेवटी मी जुन्या पिकअपवर बांधलेली एक कॅरव्हॅन विकत घेतली. आत एक पलंग, एक शेगडी, इवलंसं टॉयलेट. विकणाऱ्याने स्टेपनीही दिली. गाडीच्या चाकाला पाच नट, स्टेपनीला पाच भोकं. मी मोजली आणि खूश झाले. लावून बघायची अक्कल काही सुचली नाही.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी नाशिकहून निघालो. मालेगाव, धुळे, दोंडाईचा करत संध्याकाळी धानोऱ्याला चुलतकाकांकडे. रस्ता एकंदरीत चांगला. नंदुरबारजवळ शेतांत मिरच्या वाळत घातलेल्या असतात, खिडक्या बंद ठेवा, नाहीतर शिंकून शिंकून जीव जातो. काकूंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा वाढला. बाबांनी नको नको म्हणत दोन भाकऱ्या खाल्ल्या.

होळीच्या दिवशी तळोद्यावरून अक्कलकुव्याला पोचलो तेव्हा बारा वाजले होते. डिझेल आणि पाणी इथेच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. काठीची होळी पहाटे पेटते, म्हणजे आमच्याकडे वेळच वेळ होता. गाव सोडून मोलगी रस्त्याला लागलो आणि दोनेक किलोमीटरवर एका खड्ड्यात मागचं चाक धाडकन आदळलं. टायरची बगल फाटली, रिमही वाकली.

"काय व्हयनं माय?" आतून बाबांचा आवाज आला.

"काही नाही, चाक बदलते," मी ऐटीत म्हणाले.

नशिबाने हाकेच्या अंतरावर पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार सुपडूभाऊ जॅक घेऊन आले, चाक काढलं, माझी स्टेपनी उचलली आणि अर्ध्यातच खाली ठेवली.

"ताई, हाई चाक बसनार नही. भोके पाच शेतस, पन घेर येगळा शे. मधलं भोकबी ल्हान शे."

स्टेपनी कुठल्यातरी कारची होती. तिची पाच भोकं जवळजवळ, आमच्या गाडीचे नट लांब लांब. रस्त्यावरच्या एका माणसाने भोकं वाढवून घ्यायचा सल्ला दिला. सुपडूभाऊंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "ठोकीठाकी बसाडी दिसू, पन घाटमा निंघी जाई. मंग?"

मग त्यांनी जे केलं ते या भागात गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने शिकून घ्यावं. जुनं वर्तमानपत्र घेतलं, चाक काढलेल्या जागेवर तळहाताने गच्च दाबलं. कागदावर ग्रीसचा ठसा उठला: मधे मोठं वर्तुळ, भोवती पाच काळे ठिपके. या ठशावर बसेल तेच चाक आपलं. मोजायला टेपबिप कुणी काढत नाही.

बाबांना खुर्ची टाकून निंबाखाली बसवलं आणि मी सुपडूभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसून, कागद पोटाशी धरून अक्कलकुव्याला गेले. तीन दुकानं पालथी घातली. एका चाकाला ठिपके जुळले, पण ते इतकं बुटकं की गाडी एका अंगाला कलली असती. नवी रिम नंदुरबारला मिळेल म्हणाले, सण उरकल्यावर.

जीपस्टँडवर मात्र पहिल्याच जीपच्या स्टेपनीवर कागद चपखल बसला. उंचीही तीच. जीपवाला रायसिंग मोलगीकडचाच. टपावर मोरपिसांचे टोप कापडात बांधलेले, आत माणसं खच्चून भरलेली.

"नाही ताई," तो म्हणाला. "देवगोई घाट आहे. चौदा माणसं आहेत. स्टेपनी नाही देणार."

त्याचं काही चुकत नव्हतं. परतताना मला रडूच आलं. एवढा खटाटोप केला आणि एक चाक लावून बघितलं नाही! बाबांना मी सरळ सांगितलं की माझ्यामुळे होळी चुकणार. ते खुर्ची रस्त्याकडे फिरवून बसले.

अर्ध्या तासाने रायसिंगची जीप समोरून जायला लागली. बाबा काठी टेकत उठले आणि मोलगीकडच्या बोलीत मोठ्याने काहीतरी ओरडले. 'गुरुजी' सोडून मला एक अक्षर कळलं नाही. जीप पुढे जाऊन थांबली, मागे आली. आतली माणसं हसत होती.

"गुरुजी आमच्या म्हाताऱ्यांसारखं बोलतात," रायसिंग म्हणाला. बाबांशी त्याचं थोडं बोलणं झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चाक घ्या. पण माझ्या मागेमागेच यायचं. माझं चाक पंक्चर झालं तर हे काढून मी घेणार. तुमची गाडी तिथेच राहील, गुरुजी आमच्यात बसतील."

मी लगेच हो म्हणाले. चाक पाचही नटांवर अलगद बसलं. सुपडूभाऊंनी कष्टाचे पन्नास रुपये घेतले, ठशाचा कागद घडी करून मला दिला.

आणि व्हायचं तेच झालं. घाटात, चौथ्या की पाचव्या वळणावर, रायसिंगच्या जीपचं चाक पंक्चर झालं. ठरल्याप्रमाणे आमचं चाक निघालं, कॅरव्हॅन दगडांवर टेकून कडेला राहिली. पलंग, शेगडी, टॉयलेट, सगळं कुलूप लावून घाटात! बाबांना पुढच्या सीटवर दोघांच्या मधे बसवलं, मी मागे दोन बायकांच्या मधे अर्धी टेकले. बाबा गाडीभर लोकांना जुन्या विद्यार्थ्यांची नावं विचारत होते. दर तासाची गरज काठीपर्यंत एकदाच लागली, आणि अख्खी जीप न कुरकुरता थांबली.

पहाटे होळी पेटली तेव्हा बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. ढोलांनी छाती हलत होती. मी त्यांना बसायला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रायसिंगने मोलगीला पंक्चर काढून घेतलं आणि आम्हाला घाटात गाडीपाशी सोडून स्टेपनीचं चाक पुन्हा दिलं. नंदुरबारला रिम मिळेपर्यंत वापरलं, मग अक्कलकुव्याला जाणाऱ्या जीपमधून परत पाठवलं. तुम्ही जाणार असाल तर मोठी गाडी घाटात नेऊ नका, अक्कलकुव्यातच ठेवा. आणि स्टेपनी लावून बघा, मोजू नका.

नाशिकला आल्यावर मी पहिलं काम तेच केलं. ठसा दाखवून स्टेपनीसाठी दुसरं चाक आणलं, अंगणात जॅक लावून बसवलं, नट आवळले, चाक फिरवून बघितलं. बाबा ओट्यावरून सगळं बघत होते.

"बसलं का?"

"बरोब्बर बसलं. आता पुढच्या वर्षी काही अडचण नाही."

बाबांचा चेहरा पडला.

"मंग आते जीपमा कसं बसाले मिळी?"