गैरहजेरी लागन

चांदूर रेल्वेच्या फलाटावर तो माझ्या शेजारी बसला होता. एरवी भाजी पिकवायचा आणि वर्षातले काही आठवडे राखीव सैनिक म्हणून शिबिराला जायचा. बायकोला बाळंतपणासाठी अमरावतीच्या दवाखान्यात सोडून तो शिबिराला निघाला, तर गाडीच रद्द झाली. त्यानं सावधान उभं राहून शिबिरातल्या साहेबांना फोन लावला आणि ‘हो साहेब’ म्हणत ठेवला.

“पोहोचणं तुमचं काम हाय म्हणते,” तो मला म्हणाला. “लढाईले न्याले गाडी येते भाऊ, हजेरीले आपलं आपणच जा लागते.”

“मग दवाखान्यात परत जा.”

“गैरहजेरी लागन.”

तेवढ्यात त्याच्या सासूचा फोन आला. मुलगी झाली होती. त्यानं ट्रंक उचलली आणि ट्रक शोधायला तो हायवेकडे निघाला. बापाची हजेरी कुणी मागितलीच नव्हती.