वाकलेली बॅटर

भाचीची सॉफ्टबॉलची मॅच पाहत होते. समोरच्या संघातली एक उंच मुलगी बॅट धरून मुद्दाम गुडघ्यांत वाकली. तिच्या खांद्यावरून गेलेला बॉल तिने सोडला, तरी अंपायरबाईंनी स्ट्राइक दिला, म्हणजे मारण्याजोगा बॉल सोडला म्हणून तिची चूक धरली!

मॅच संपल्यावर मी त्यांना गाठलंच. "काखेपासून गुडघ्यापर्यंतचाच बॉल स्ट्राइक ना? हा तर वरून गेला."

"वाकली होती हो ती," बाई हसल्या. "ती एरवी जशी उभी राहते, त्यावरून आम्ही ठरवतो. वाकून स्ट्राइकची चौकट लहान होत नाही."

ऑफिसात नवं काम आलं की मीही "मला कुठलं जमतंय" म्हणत अशीच वाकते. दरवेळी सुटते. माझी खरी उंची तिथे कुणी पाहूनच ठेवलेली नाही.