मीटरवरची सतीशची पट्टी

सतीशच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये सकाळचा पहिला नमुना मीटरला जोडत होतो. "भावजी, हा गेला," एवढंच त्या म्हणाल्या. मी 'हो' म्हटलं आणि हातातली वायर तशीच धरून उभा राहिलो...

सतीश माझा कॉलेजपासूनचा मित्र. तपासणीची यंत्रं आणि कॉम्प्युटर यांचं एकमेकांशी जुळेनासं झालं की ते जुळवून देणं हा त्याचा धंदा. आमच्याकडे वायरींचा रोध मोजणारा एक जुना मीटर आहे. मोजलेला आकडा तो कॉम्प्युटरला कळवतो. एकदा हे कळवणंच बंद पडलं. पडद्यावर सारखं 'उत्तर नाही'. मी केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला, शेवटी मीटर भंगारात काढायला निघालो. सतीश मुलुंडहून आला, स्टूल ओढून बसला आणि मीटरला त्याने फक्त नाव विचारलं. ही त्याची रीतच होती. यंत्राला काम सांगण्याआधी एकच आज्ञा पाठवायची, तू कोण? "पुन्हा पाठव ना," मी मागून घाई करत होतो. त्याने माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. "गप बस रे." बऱ्याच वेळाने पडद्यावर मीटरचं नाव उमटलं. "बघ, ठणठणीत आहे. म्हातारा झालाय, सावकाश बोलतो. तुझा प्रोग्राम थांबतच नाही, लगेच दुसरा प्रश्न टाकतो. मग हा पहिल्याचं तयार उत्तर फेकून देतो. घरी बायकोशी पण असाच बोलतोस काय?"

"तिच्यापुढे मला प्रश्न विचारायला मिळतो कुठे!"

तो खो खो हसला. प्रोग्रामची थांबण्याची वेळ त्याने वाढवली, मीटरवर एक पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं, 'थांब'.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, असं आम्ही सगळेच म्हणायचो. रविवारी मी मुलुंडला जाऊन त्याच्यापाशी बसायचो. शेवटच्या वेळी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी विचारलं, "सत्या, काही हवंय का?" त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, घशातून घोगरा आवाज निघाला... मला ते थांबणं सोसवेना. "पाणी देऊ? पंखा कमी करू? कुशीवर वळवू?" ओठ मिटले. त्याने पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा मध्येच म्हणालो, "पाणीच ना?" तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. मी चमच्याने दिलेलं पाणी त्याच्या गालावरून ओघळून गेलं. वहिनी आल्यावर म्हणाल्या, "हा बोलतो हो, भावजी. एखादाच शब्द, पण बोलतो. वेळ लागतो त्याला." मी मान हलवली. पुढच्या रविवारी नीट बसून ऐकू, असं ठरवलं. त्याआधीच तो गेला.

त्याला काय सांगायचं होतं? वहिनींबद्दल काही? की खरंच पाणी हवं होतं? आता हे विचारायला कोणी उरलेलं नाही. सुटला बिचारा, असं लोक म्हणतात. मला म्हणवत नाही.

मीटर अजून चालतो. पट्टीच्या कडा मळल्यात, शाई फिकी पडलीये. रोज सकाळी मी त्याला नाव विचारतो आणि हात मांडीवर ठेवून कोऱ्या पडद्यासमोर बसतो. नाव येतं. तरीही बराच वेळ मी पुढचा प्रश्न पाठवत नाही...