विषाणूच्या काट्यावरची साखर

मी महाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. इतक्या वर्षांत माझ्या एका वाक्याचा जेवढा बोभाटा झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही. आणि ते वाक्य अगदी बरोबर होतं, याचाच मला अजून जास्त वैताग येतो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. कॉलेज बंद होतं, शिकवणं मोबाइलवर. माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या बौद्धवाडीत. आईवडील आता नाहीत. घरात माझी आत्या एकटीच असते. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटक, आणि गेली काही वर्षं तिला शुगर आहे. आमच्याकडे डायबेटिस कोणी म्हणत नाही, शुगरच म्हणतात. हे मला माहीत होतं. तरीही मी जे बोलायचं ते बोललेच.

वाडीतल्या आशाताईंचा फोन आला होता. "मॅडम, शनिवारी लसीचा कॅम्प हाय. कोण यायला तयार नाय. तुम्ही आपल्या वाडीच्या, आदल्या दिवशी येऊन दोन शब्द बोला. ताप येतो का, काम किती दिवस बुडंल, एवढंच लोकं विचारतात. तेवढ्याचं बोला."

मी हो म्हटलं, आणि तेवढं सोडून बाकी सगळं बोलले.

समाजमंदिरात लोक लांब लांब बसले होते, तोंडाला रुमाल, पदर, काय हाताला येईल ते. मी सांगितलं, या विषाणूच्या अंगावर काटे असतात. त्या काट्यांनी तो आपल्या पेशीला धरतो आणि आत शिरतो. आणि त्या काट्यांवर साखरेचं पांघरूण असतं. ही साखर त्याची स्वतःची नसते. तो आपल्याच पेशीत तयार होतो, आणि आपलीच पेशी ती साखर त्याच्या काट्यांवर चढवते. मग शरीरातले पहारेकरी फसतात. त्यांना वाटतं, हा आपल्यातलाच कोणीतरी.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून एक म्हातारबाबा "बराबर" असंसुद्धा म्हणाले. मी खूश होऊन महाडला परतले.

शनिवारी कॅम्पला सात माणसं आली. त्यातली दोन आशाताईंच्या घरचीच.

रविवारी वाडीत बिनसाखरेचा चहा सुरू झाला. सोमवारी कळलं की ज्याला शुगर आहे त्याने लस घ्यायची नाही, कारण करोना साखरेवर बसतो आणि सुई टोचली की त्याला वाट मिळते. मंगळवारी माझे मिस्टर एमआयडीसीतून पहिली पाळी करून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "आज कंपनीच्या बसमध्ये सगळे सांगत होते, पोलादपूरकडच्या कोणा एका मॅडमने साखर बंद करायला सांगितलंय. तू नव्हेस ना?"

"मीच," मी म्हटलं. "पण मी असं बोललेच नाही."

"मग कसं बोललीस?"

मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे साखर खायची की नाही?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले.

बुधवारी आत्याचा फोन. "काय गो, तूच सांगून गेलीस ना? मग मी कशाला टोचून घेऊ? माझ्या अंगात साखरच साखर. त्याला तर माझं घर म्हंजे मामाचा गाव."

फोनवर हे निस्तरणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन तास शिकवून मी स्कूटर काढली आणि भर उन्हात वर गेले. आत्या ओटीवर सुपात नाचणी पाखडत होती. मी पाणीसुद्धा न पिता सुरुवात केली. रक्तातली साखर वेगळी, ती सुटी असते. काट्यावरची वेगळी, तिच्या साखळ्या असतात, झाडासारखे फाटे फुटलेल्या, काट्याला घट्ट जोडलेल्या. तू चहात साखर घातलीस म्हणून ती वाढत नाही आणि नाही घातलीस म्हणून कमी होत नाही.

"साखर ती साखर," आत्या म्हणाली.

"नाही गं!"

"मग शुगरवाल्यांना जास्त का होतो? दवाखान्यातली नर्सबायच म्हणत होती."

आता हेही खरंच होतं. शुगर आटोक्यात नसेल तर शरीराची लढायची ताकद कमी पडते, आजार बळावतो. पण त्याचं कारण काट्यावरची साखर नाही. मी हे तीन प्रकारे सांगितलं. चौथ्यांदा माझा आवाज चढला. आत्याचं सूप काही थांबलं नाही. मग तिने फोलपटं उडवली आणि एकदम विचारलं, "त्यानं जर आपलीच साखर पांघरलीय, तर लस घेऊन तरी आपल्या अंगाला तो कळायचा कसा?"

बारावीच्या वर्गात हा प्रश्न मला आजवर एकाही मुलाने विचारलेला नाही.

मी पायरीवर बसले आणि जरा शांतपणे सांगू लागले. पांघरूण सगळीकडे सारखं नसतं. मध्येमध्ये जागा उघड्या राहतात. विशेषतः जो भाग पेशीला धरतो तो आत शिरायच्या वेळी उघडा पडावाच लागतो. लस शरीराला तो काटा आधीच ओळखीचा करून देते. विषाणू नाही, नुसता काटा, आणि तोही आपल्याच पेशीत बनलेला, साखरेसकट. शरीर त्याच्या उघड्या जागा हेरून ठेवतं. कधी विषाणू बदलतो, फ्लूचा तर बदलतच राहतो, आणि ओळखीच्या जागेवरही साखर चढते. तेव्हा पुन्हा नवी ओळख करून द्यावी लागते.

आत्याने थोडा विचार केला. "म्हंजे चोर गोधडी घेऊन आला तरी कडी काढायला हात भायेर काढणारच."

"हो! अगदी तेच!" मला तिला मिठी मारावीशी वाटली. "मग आता पुढच्या कॅम्पला येतेस ना?"

"नाय."

"आता का नाही?"

"समजलं मला सगळं. पण टोचून नाय घेणार."

मी तोपर्यंत इतकी वैतागले होते की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, आत्या, तुला काही झालं तर मी काय करू, मला नीट कारण तरी सांग. तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं.

"आशाच्या सासूला दोन दिवस ताप होता. उठवत नव्हतं. मला तसं झालं तर पाणी कोण आणणार? विहीर आटलीय. खालच्या झऱ्यावर जायला लागतं, सकाळी दोन खेपा. तू महाडात. शेजारणीला किती सांगू?"

म्हणजे साखरेचा यात काहीच संबंध नव्हता. आशाताईंनी मला पहिल्याच फोनवर जे बोला म्हणून सांगितलं होतं तेच हे होतं. मी मात्र आठवडाभर विषाणूचे काटे उगाळत होते. त्या क्षणी मला आत्याचा राग आला नाही, माझाच आला.

पुढच्या कॅम्पच्या आदल्या दिवशी मी दोन साड्या आणि चार्जर घेऊन वर राहायला गेले. समाजमंदिरात पुन्हा उभी राहिले आणि एवढंच सांगितलं की अंग दुखेल, एखाद-दोन दिवस ताप येईल, शुगरवाल्यांनी लस जरूर घ्यावी, आणि एकट्या माणसांचं पाणी आम्ही भरू. या 'आम्ही'त मी आणि आशाताई, दोघीच होतो. या वेळी कॅम्पला रांग समाजमंदिराच्या बाहेरपर्यंत आली. आत्याने दंड पुढे केला, पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन झऱ्यावरून चढत होते. सवय कधीच मोडलेली. तिसऱ्या खेपेला मान आखडली, पाय लटपटायला लागले. वळणावर समोरून आत्या आली, रिकामा हंडा घेऊन, ताठ.

"अगं, तू झोप ना! ताप?"

"कसला ताप? नाय आला. तुझी वाट बघून कंटाळले. किती वेळ लावतेस गो?"

दुसऱ्या डोसाच्या वेळी मी तिच्याजवळ नव्हते. जुलैत पूर आला, महाडातल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी चढलं आणि पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघं फावड्याने चिखल ओढत होतो. वर दरडी कोसळल्या होत्या, रस्ता बंद, फोन लागत नव्हता. आत्याचं काय झालं असेल या विचाराने माझी झोप उडाली होती. एके दुपारी ती दारात उभी. घाट पायी उतरून पोलादपूरला आली होती, तिथे रांगेत उभं राहून दुसरा डोस घेतला होता, आणि मग कोणाच्या तरी टेम्पोत बसून महाडला. हातात भाकऱ्यांचं गाठोडं.

मी तिला वाट्टेल ते बोलले. दरडीतून कशी आलीस, कोणाला सांगून आलीस, काही झालं असतं म्हणजे?

तिने गाठोडं माझ्या हातात दिलं. मग चपला काढल्या, साडी खोचली आणि म्हणाली, "झालं बोलून? फावडं कुठं हाय?"